बेकु, साकु, बेडा

बंगळुरात राहायला आलेल्या मराठी माणसाला कन्नडमधले पहिले तीन शब्द मुद्दाम शिकावे लागत नाहीत. भाजीवाली, रिक्षावाला आणि दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या उपाहारगृहात, सांबाराचं भांडं घेऊन उभा असलेला पोरगा, हे तिघं मिळून आठवडाभरात ते शिकवून टाकतात. बेकु म्हणजे हवं. साकु म्हणजे पुरे. बेडा म्हणजे नको. एवढ्या भांडवलावर मी व्हाइटफील्डमध्ये अकरा वर्षं संसार रेटला आहे. हेच तीन शब्द टीव्हीच्या रिमोटलाही लागू पडतात, हे मात्र कळायला त्यातली नऊ वर्षं गेली.

रोजच्या आयुष्यातली छोटी करमणूक कशी निवडावी, नवी मालिका कशी चाखून बघावी आणि न आवडलेली मालिका मनाला टोचणी न लावता कशी सोडावी, याबद्दल हा लेख आहे. मी या विषयातली जाणकार नाही, पण चुका भरपूर केल्या आहेत. त्यातून जे उरलं ते सांगते.

शुक्रवारची रात्र

आमच्याकडे पूर्वी शुक्रवारची रात्र कशी जायची ते आधी सांगते. नवरा ऑफिसातून साडेआठला घरी. नऊ वाजता ताटं मांडून आम्ही तिघं टीव्हीसमोर. रिमोट आधी मुलीकडे, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. प्रत्येक चित्राखाली दोन ओळींची माहिती, प्रत्येकाची झलक अर्धा मिनिट. "ही बघू या?" "नको, फार मारामारी दिसतेय." "मग ही?" "ही सगळ्यांनी बघून झाली, शेवटही माहीत आहे." पावणेदहाला खिचडीवरचं तूप थिजलेलं असायचं आणि आम्ही पुन्हा पहिल्याच चित्रावर पोचलेलो असायचो. शेवटी कंटाळून कुठली तरी मालिका लावायची. ती आवडायची नाही, पण आता लावलीच आहे तर भाग संपवू, मग पुढचा, मग मोसमच संपवू. शनिवारी सकाळी डोळे तांबारलेले आणि डोक्यात काहीच शिल्लक नाही.

यात दोन वेगळ्या अडचणी आहेत. सुरुवात करता येत नाही ही पहिली आणि थांबता येत नाही ही दुसरी. लोक पहिलीवर उपाय शोधतात, याद्या मागतात, मित्रमैत्रिणींना "काही चांगलं असेल तर सांग" असा निरोप धाडतात. खरं दुखणं दुसरं आहे. मध्येच सोडून देता येतं याची खात्री असली की सुरुवात करायलाही भीती वाटत नाही.

आधी बाय-टू

बंगळुरात कॉफी प्यायची एक खास रीत आहे. दोघं जण दर्शिनीत शिरतात, काउंटरवर "बाय-टू" म्हणतात आणि एका कॉफीचे दोन अर्धे पेले घेऊन उभ्या-उभ्या पितात. यात कंजूषपणा नसतो. घोटभर चव हवी असते, सोबत हवी असते आणि पाच मिनिटांत कामाला लागायचं असतं.

नवी मालिका अशीच बाय-टू घ्यावी. म्हणजे काय करायचं?

एक, पहिल्या बैठकीत फक्त पहिला भाग बघायचा, तो कितीही रंगला तरी. दुसरा भाग दुसऱ्या दिवशी. पहिला भाग बनवणाऱ्यांनी सगळी ताकद लावून बनवलेला असतो, त्यामुळे त्याच्या शेवटी आपली उत्सुकता आपली नसते, त्यांनी उसनी दिलेली असते. रात्रभराची झोप मध्ये गेली की खरं काय ते कळतं. सकाळी दात घासताना एखादं पात्र आठवलं तर मालिका तुमची. नाही आठवलं, तर विषय संपला.

दोन, पहिला भाग शक्यतो कुणाच्या तरी सोबत बघायचा. नवरा, शेजारीण, मुलगी, कोणीही. सोबतीचं माणूस पंधराव्या मिनिटाला फोन चाळायला लागलं, तर ती समीक्षाच समजायची.

तीन, हे सगळं करण्याआधी आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करायची. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, यूट्यूब, सगळ्यांच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला ती स्वतंत्रपणे बंद करावी लागते, हे लक्षात ठेवा. आपली खरी स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे, असं नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज 2017 मध्येच म्हणाले होते. समोरचा इतका प्रामाणिक असेल, तर आपण निदान एक बटण तरी दाबावं.

आधी वेळ मोजा, मग नाव शोधा

"काय बघू?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "माझ्याकडे किती वेळ आहे?" पदार्थ ठरवण्याआधी आपण डब्यात पीठ किती आहे ते बघतो, तसंच हे.

वीस मिनिटं असतील तर वीस मिनिटांचंच काहीतरी लावा. प्रिया बापट आणि उमेश कामत यांची 'आणि काय हवं' ही वेब मालिका 2019 मध्ये आली. जुई आणि साकेत हे जोडपं, त्यांचं घर, त्यांची गाडी, त्यांचे लुटुपुटीचे वाद, इतकाच तिचा जीव आहे. भाग छोटे, पोळ्या लाटून झाल्यावर आणि जेवायला बसण्याआधी एखादा मावतो. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली 'मालगुडी डेज' 1986 मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. तिचेही बहुतेक भाग वीस-बावीस मिनिटांचे आहेत आणि बऱ्याच भागांत गोष्ट तिथल्या तिथे संपते. उद्याचं कर्ज डोक्यावर राहत नाही.

अर्धा तास असेल तर 'गुल्लक'. एका मोसमात पाचच भाग. उत्तर भारतातलं मध्यमवर्गीय घर, पण ती आई आणि ते बिल आपल्याही घरातलं वाटतं. आठवडाभर रोज थोडा वेळ असेल तर 'पंचायत'चा पहिला मोसम आठ भागांचा आहे. आणि 'स्कॅम 1992'सारखी मालिका लावायची असेल, तर ती दहा भागांची, आठ-नऊ तासांची आहे, म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस तिला द्यायचा आहे हे आधी मान्य करा. मग तो द्या आणि मजेत द्या. मी दिला, पस्तावले नाही.

दैनंदिन मालिकांचा हिशेब तर एकदा कागदावर मांडून बघावा असा आहे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 ते 2013 अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. भाग बावीस मिनिटांचा धरला तरी अकराशे तास होतात. रात्रंदिवस न उठता बघायचं म्हटलं तर सेहेचाळीस दिवस लागतील. ज्यांनी ती मनापासून बघितली त्यांना मी हसत नाही. माझ्या आईनं बघितली आहे आणि बारा वर्षं तिची संध्याकाळ त्या घरानं सोबत करून घालवली आहे. पण ती जाणूनबुजून केलेली सोबत होती. सवयीनं बघणं आणि आवडीनं बघणं यातला फरक ज्याला कळतो, त्याला कोणतीही लांबी चालते.

फ्रिजवरचा कागद

दोन वर्षांपूर्वी मी एक साधी गोष्ट केली. पाठकोरा कागद घेतला, त्यावर तीन रकाने पाडले आणि फ्रिजवर चुंबकाने लावला. डावीकडे बेकु, मधे साकु, उजवीकडे बेडा. घरातल्या कुणीही नवी मालिका चाखली की तिचं नाव एका रकान्यात लिहायचं आणि पुढे चार-पाच शब्दांत कारण. त्याहून जास्त नाही.

कल्पना माझी नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' बघितलेल्यांना ती ओळखता येईल. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी ती मालिका केली. त्या घरातला प्रत्येक जण डायरी लिहितो, आणि तोच प्रसंग आजोबांच्या, म्हणजे आबांच्या डायरीत एक असतो, नातवाच्या, शिऱ्याच्या डायरीत दुसराच. आमचा कागद म्हणजे त्या डायऱ्यांची गरिबाघरची आवृत्ती. मुलीनं एका कोरियन मालिकेपुढे लिहिलं, "हिरो बरा, पाऊस जास्त." नवऱ्यानं एका गुन्हेगारी मालिकेपुढे लिहिलं, "खुनी तिसऱ्या भागात कळला." मी एका फार गाजलेल्या मालिकेपुढे लिहिलं, "चांगली आहे, पण मला झेपत नाही."

हे शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि साकुच्या रकान्याचं महत्त्व तिथेच आहे. बेडा सोपं असतं. वाईट मालिका सोडताना कुणाला वाईट वाटत नाही. अवघड असतं ते बऱ्या मालिकेला पुरे म्हणणं. तीन भाग चांगले गेले, चौथ्यात मन उडालं. किंवा पहिला मोसम आवडला, दुसरा कशासाठी काढला कळेना. अशा वेळी आपण "इतकं बघितलंय तर आता संपवू या" म्हणतो. लग्नाच्या पंगतीत पोट भरल्यावर जिलबी पानात पडली म्हणून खाणाऱ्यासारखं हे. पानावर आडवा हात धरण्याची कला आपल्या आजोबांना येत होती. साकु म्हणजे तो आडवा हात. जेवण वाईट होतं असा त्याचा अर्थ होत नाही.

साकुच्या रकान्यात नाव लिहिलं की आणखी एक काम करा. 'पुढे बघा'च्या रांगेतून ती मालिका काढून टाका. ती सोय बहुतेक सगळीकडे असते. अर्धवट सोडलेल्या मालिकांची रांग रोज डोळ्यांसमोर आली की उधारीच्या वहीसारखी ती मनात बसते.

सासूबाई, अक्का आणि अर्धा कप चहा

माझ्या सासूबाई कऱ्हाडच्या. दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिने आमच्याकडे येतात. पहिल्या वर्षी त्यांना इथं करमेना. सोसायटीत बारा मजले, लिफ्टमध्ये सगळे कानात काहीतरी घालून उभे, शेजारी तेलुगू, समोर बंगाली. घरकामाला येणाऱ्या अक्कांशी बोलावं तर भाषा अडते.

झी मराठीवर 2018 साली 'तुला पाहते रे' ही सुबोध भावे यांची मालिका आली होती. सासूबाईंनी ती एकही दिवस न चुकवता बघितली होती. पुढच्याच वर्षी झी कन्नडनं तीच गोष्ट 'जोते जोतेयली' नावानं केली. मराठीतले विक्रांत सरंजामे तिथे आर्यवर्धन झाले, ईशा निमकरची अनु सिरिमने झाली. मालिका संपून गेली होती, पण ॲपवर जुने भाग होते. मी सासूबाईंना सहज पहिला भाग लावून दिला. पाचव्या मिनिटाला त्या ताठ बसल्या. "अगं, ही तर आपली ईशा!"

दुपारी तीनला अक्का भांडी आटपून येत. त्यांनी त्या वर्षांत गावी असल्यामुळे मालिका बघितली नव्हती. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसत, मध्ये एका चहाचे दोन अर्धे कप. अक्कांना संवाद कळत आणि पुढची गोष्ट माहीत नसे. सासूबाईंना पुढची सगळी गोष्ट पाठ आणि संवाद एक कळत नसे. नायकाचं खरं रूप काय, ते गुपित पोटात घेऊन बाई बसलेल्या आणि सांगायला शब्द नाहीत. नुसते डोळे मोठे करून मान हलवायच्या. अक्का विचारायच्या, "मुंदे एनु?" म्हणजे पुढे काय? सासूबाई हातानं थांब म्हणायच्या.

एकदा पडद्यावर नायिका रडत होती आणि अक्का हळहळून म्हणाल्या, "अय्यो, पापा!" सासूबाई चिडल्या. रात्री मला म्हणाल्या, "त्या पोरीनं काय पाप केलंय गं? ही बाई तिला पापी म्हणते." कन्नडमध्ये पापा म्हणजे बिच्चारी, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की मुक्काम संपेपर्यंत नवरा ऑफिसला निघाला की त्या "अय्यो पापा" म्हणून त्याला निरोप देत. त्या वर्षी कऱ्हाडला परत जाताना त्यांच्याकडे पंचवीस-तीस कन्नड शब्द होते. सुळ्ळु म्हणजे खोटं, निजा म्हणजे खरं. मालिकांमधून शिकलेली भाषा अशीच असणार, खोटं आणि खरं हे शब्द आधी येणार.

यातून मी एक नियम काढला. परक्या भाषेतली मालिका निवडायची असेल तर अनोळखी भाषा आणि अनोळखी गोष्ट एकदम घेऊ नका. गोष्ट माहितीची घ्या, भाषा नवी घ्या. आपल्याकडच्या गाजलेल्या मालिकेची कन्नड, तेलुगू किंवा हिंदी आवृत्ती आहे का ते शोधा.

गोष्ट नको, नुसती भाषा हवी असेल तर दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवरचा 'थट् अंत हेळि' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम बघा. नावाचा अर्थ, पटकन सांगा. डॉ. ना. सोमेश्वर तो 2002 पासून सादर करत आले आहेत आणि त्याचे तीन हजारांहून अधिक भाग झाले आहेत. बरोबर उत्तराला बक्षीस म्हणून रोकड मिळत नाही, पुस्तकं मिळतात. प्रश्न पडद्यावर लिहून येतो, त्यामुळे कन्नड लिपी गिरवणाऱ्यांनाही उपयोग होतो. माझी मुलगी त्याच्याबरोबर मोठ्यानं अक्षरं लावते. उत्तरं तिला येत नाहीत, प्रश्न वाचता येतात. आठवीतल्या मराठी मुलीला एवढं पुष्कळ झालं.

मुलांबरोबर बघताना

मुलांच्या बाबतीत पहिली गोष्ट वयाच्या खुणेची. 2021 च्या नियमांनुसार भारतातल्या ओटीटी मंचांना प्रत्येक कार्यक्रमावर यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ किंवा ए अशी खूण दाखवावी लागते आणि 13+ पासून पुढच्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. सोय दिलेली असते, पण कुलूप आपण लावल्याशिवाय लागत नाही. रविवारी दहा मिनिटं काढा, मुलांचं वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन द्या. घरातल्या कुणाचीही जन्मतारीख हा पिन नसावा. मुलांनी ती सगळ्यात आधी लावून बघितलेली असते.

दुसरी गोष्ट कुलपापेक्षा मोठी. मुलांना आपल्या आवडीची एक तरी मालिका आपण शेजारी बसून दाखवावी. आमच्याकडे ती 'लंपन' ठरली. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरून निपुण धर्माधिकारी यांनी केलेली ही मालिका 2024 मध्ये सोनी लिववर आली आणि त्याच वर्षी गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. आईबाबांपासून दूर, आजीआजोबांकडे राहायला पाठवलेला मुलगा, कर्नाटकाच्या सीमेवरचं गाव आणि कानडी हेल असलेली मराठी. व्हाइटफील्डमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाला यात आणखी काय हवं? माझी मुलगी शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी, रिक्षात कन्नड आणि घरी मराठी बोलते. दोन भाषा एकाच वाक्यात नांदतात याचा तिला कधी संकोच वाटायचा. लंपनचं बोलणं ऐकून तो गेला. सासूबाईंनी वर आणखी एक गोष्ट पुरवली, "संत आमच्या कऱ्हाडला कॉलेजात शिकवायचे. भूगर्भशास्त्र." दगडांबद्दल शिकवणारा माणूस इतकं मऊ कसं लिहितो, असा प्रश्न मुलीनं विचारला. मग कपाटातून संतांचं 'वनवास' हे पुस्तक निघालं. मालिकेचं बोट धरून मूल पुस्तकापर्यंत पोचलं, की त्या मालिकेनं आपलं काम केलं.

इथल्या रिक्षांवर शंकर नाग यांचं चित्र असतं, ते तुम्ही बघितलं असेल. 1980 च्या 'ऑटो राजा' चित्रपटापासून ते रिक्षावाल्यांचे लाडके. मुलांना ते चित्र दाखवा आणि घरी आल्यावर 'मालगुडी डेज'चा एक भाग लावा. रस्त्यावरचं चित्र आणि पडद्यावरचं नाव जुळलं की शहर थोडं आपलं होतं.

पैशांचाही बेकु-साकु-बेडा

एका वेळी पाच मंचांची वर्गणी भरणारी घरं मी बघितली आहेत. त्यातलं एक आमचंच होतं. आता आम्ही एका वेळी दोनच ठेवतो. एक घरातल्या सगळ्यांच्या सोयीचा कायमचा, दुसरा आलटून पालटून. महिन्याभराची वर्गणी घ्यायची, कागदावरच्या बेकु रकान्यातली त्या मंचावरची मालिका बघायची आणि बंद करायची. वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण दोन महिने बघून दहा महिने विसरणार असाल तर ती महाग पडते.

वर्गणी आपोआप कापली जाण्याची व्यवस्था केली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास तुम्हाला सूचना मिळायला हवी. 2021 च्या ऑक्टोबरपासून हा नियम लागू आहे. आपण तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकतो. यापुढे पुसू नका. तो आला की स्वतःला तीन शब्दांत विचारा. चोवीस तास पुरेसे असतात.

टीव्ही बंद असताना

छोटी करमणूक म्हणजे फक्त मालिका नव्हे. जिचा खर्च कमी, तयारी कमी आणि जी कधीही थांबवता येते, ती छोटी करमणूक. बंगळुरात अशा पुष्कळ आहेत आणि त्यांनाही बाय-टूचा नियम लागतो.

व्हाइटफील्ड म्हणजे आयटी पार्क, काचेच्या इमारती आणि सिग्नलवरचे अर्धे तास, असं आपण समजतो. पण या गावाची गोष्ट 1882 मध्ये सुरू होते. म्हैसूरचे महाराज चामराज वोडेयर यांनी अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी इथे जमीन दिली आणि ती चळवळ चालवणाऱ्या डी. एस. व्हाइट यांचं नाव गावाला मिळालं. इनर सर्कल हा त्या वसाहतीचा गाभा अजून आहे. रविवारी सकाळी सातला त्या वर्तुळात एक फेरी मारा. मेमोरियल चर्च बघा, मोठ्या झाडांखाली उरलेले थोडे जुने बंगले बघा. पाऊण तासात फेरी होते आणि सोमवारी ऑफिसात सांगायला एक गोष्ट मिळते.

मेट्रोचा प्रवास हीसुद्धा करमणूक होऊ शकते. 25 मार्च 2023 ला काडुगोडीपासून केआर पुरमपर्यंत मेट्रो आली आणि त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला मधला तुटका तुकडा जोडला जाऊन जांभळी मार्गिका थेट चल्लघट्टापर्यंत गेली. सुमारे 43 किलोमीटर, 37 स्थानकं. सुट्टीच्या दिवशी मुलांना खिडकीशी बसवा. आधी छपरांवरच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे दिसतात, मग कब्बन पार्कच्या आधी गाडी जमिनीत शिरते. तिथे उतरा, बागेत तासभर बसा, परत या. आणि रोज ऑफिसला मेट्रोनं जात असाल तर मालिकेचा भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे बोगद्यात अडकत नाही. इयरफोन विसरला असाल तर त्या दिवशी खिडकीबाहेर बघा. डब्यातल्या पन्नास जणांना तुमच्या मालिकेतलं भांडण ऐकवू नका.

नाटक बघायचं असेल तर व्हाइटफील्डमध्येच 2011 पासून जागृती थिएटर आहे. शंकर नाग यांच्या स्मृतीत उभं राहिलेलं रंगशंकरा जे. पी. नगरला आहे, आपल्यापासून बरंच लांब. अरुंधती नाग यांच्या प्रयत्नांतून 2004 मध्ये ते सुरू झालं. तिथे उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत, त्यामुळे व्हाइटफील्डहून निघताना घड्याळाकडे नीट बघून निघा.

आणि एक मालिका अशी आहे जिला वर्गणी लागत नाही. लालबागेचे जर्मन उद्यानतज्ज्ञ जी. एच. क्रुम्बिगल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगळुरात झाडं लावताना एक विचार मांडला होता. एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, रस्ता कधी उघडा राहू नये. आजही जानेवारीनंतर टॅबेबुया गुलाबी होतो, मग निळाजांभळा जॅकरंडा, मग गुलमोहर. आठवड्याला एक भाग, पुढचा भाग वेळेआधी बघायची सोय नाही. सासूबाई बाल्कनीतून खालच्या गुलमोहराचा हिशेब ठेवतात. "काल डाव्या फांदीवर नव्हता," असं सांगतात.

येत्या शुक्रवारी

एवढं सगळं एकदम करू नका. येत्या शुक्रवारी फक्त तीन कामं करा. जेवायला बसण्याआधी किती वेळ बघायचं ते ठरवा. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करा. आणि एक पाठकोरा कागद तीन रकाने पाडून फ्रिजवर लावा. रकान्यांची नावं तुमच्या गावच्या भाषेत ठेवा. नागपुरात वेगळी, पणजीत वेगळी, काही बिघडत नाही.

आमच्या कागदावर आज बेकुमध्ये पाच नावं आहेत, बेडामध्ये सात आणि साकुमध्ये अठरा. मधला रकाना पान संपवून मागच्या बाजूला गेला आहे, आणि शुक्रवारची खिचडी गरम असतानाच संपते.